वार्निश कशाने पातळ करावे?



आज आपण एका लहानशा गोष्टीविषयी बोलणार आहोत. गोष्ट लहान आहे, पण चुकली तर नुकसान मोठे होते. लाकडी सामानाला तेलाचे वार्निश लावताना ते कशाने पातळ करावे, ही ती गोष्ट.

आधी आमचीच फजिती सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी घरात लग्न होते. ओसरीवरच्या जुन्या बाकाला वार्निश द्यायचे ठरले. डब्यातले वार्निश घट्ट झाले होते. आम्ही त्यात रॉकेल ओतले. म्हटले, तेलात तेल, काय बिघडते? आठ दिवस झाले तरी बाक चिकटच! पाहुणे त्यावर बसले आणि उठताना त्यांची धोतरे बाकाला धरली. लोक हसले. आम्हाला मात्र सारे वार्निश खरवडून काढावे लागले. पैसे गेले, श्रमही गेले.

असे का झाले? तेलाचे वार्निश म्हणजे जवसासारखे वाळणारे तेल आणि राळ यांचे मिश्रण. ते दोन पायऱ्यांनी वाळते. आधी त्यातला पातळ करणारा पदार्थ उडून जातो. मग तेल हवेतला प्राणवायू घेते आणि कडक होते. रॉकेल लवकर उडत नाही. ते आतच रेंगाळते, म्हणून वार्निश चिकट राहते. पेट्रोल उलट फार लवकर उडते. वार्निश नीट पसरत नाही. शिवाय पेट्रोल भडकते. ते कधीच वापरू नका.

मग वापरावे काय? टर्पेंटाइन. ते दोन प्रकारचे असते. एक चीड झाडाच्या राळेपासून काढतात. दुसरे खनिज तेलापासून काढतात. त्याला मिनरल टर्पेंटाइन म्हणतात. तेलाच्या वार्निशाला दोन्ही चालतात. खनिजाचे बहुधा स्वस्त पडते.

पण सगळ्याच वार्निशांना टर्पेंटाइन चालते असे नाही. सांगली जिल्ह्यातले मिरज आपल्याला ठाऊक आहे. तिथल्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा वाद्यांना जुन्या रीतीने लाखेचे पॉलिश देतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. टर्पेंटाइनमध्ये ती विरघळत नाही. तेलाच्या वार्निशाचे याच्या उलट. त्यात स्पिरिट घातले तर ते फाटते. म्हणजे नियम सोपा आहे : जे ज्यात विरघळते, त्यानेच ते पातळ करावे.

दुकानात जाऊन नुसते ‘थिनर द्या’ म्हणू नका. पुष्कळदा झटकन वाळणाऱ्या लॅकरचे थिनर हाती पडते. ते जुन्या थरावर पडले की थर फुगतो, सुरकुततो. ‘तेलाच्या वार्निशासाठी टर्पेंटाइन द्या’, असे स्पष्ट सांगा.

तरी शंका आली तर जुन्या वाटीत चमचाभर वार्निश घ्या. त्यात थोडे टर्पेंटाइन घालून ढवळा. मिश्रण मधासारखे स्वच्छ राहिले तर ठीक. गढूळ झाले किंवा गुठळ्या झाल्या तर थांबा.

आता प्रमाण. कोऱ्या लाकडाला पहिला हात पातळ द्यावा, म्हणजे तो लाकडात मुरतो. चार वाट्या वार्निशाला एक वाटी टर्पेंटाइन बहुधा पुरते. पुढच्या हातांना अगदी थोडे घाला, किंवा घालूच नका. डब्यावर वेगळे प्रमाण लिहिले असेल तर तेच पाळा. एक हात पुरता वाळल्यावर, साधारण एक दिवसाने, बारीक पॉलिश पेपर फिरवून दुसरा द्या.

हवाही पाहावी लागते. महाबळेश्वर, पाटणकडे पावसाळ्यात हवा ओली असते. वार्निश वाळत नाही. जत, आटपाडीकडे उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर धूळ येते आणि ओल्या वार्निशावर बसते. कोरडा, वारा नसलेला दिवस धरावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. टर्पेंटाइन पेट घेते. चुलीजवळ, दिव्याजवळ काम करू नका. विडी ओढू नका. दारे-खिडक्या उघड्या ठेवा. तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि असा गोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या अंगणात सुट्या पसरून वाळवा. टर्पेंटाइन पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. पोराने चुकून प्यायले तर ओकारी काढायला लावू नका. ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. त्याला तडक दवाखान्यात न्या.

आमच्या त्या डब्यावर सारे छापलेले होते. काय मिसळावे, किती मिसळावे, सगळे! आम्ही ते वाचलेच नाही. आपण आता वाचायला शिकलो आहोत. झाकण उघडण्याआधी डबा वाचा. त्यावर मराठी नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या. वाचायला दोन मिनिटे लागतात. बाक खरवडायला आम्हाला दोन दिवस लागले होते.