भीती वाटत असेल तर

एका ताईंचं उद्या ऑपरेशन आहे. त्या म्हणाल्या, “भीती वाटते. म्हणजे माझा विश्वास कमी आहे का हो?”

ताई, शास्ते 7 वा अध्याय काढा. देवाने गिदोनाची 32,000 माणसं 300 वर आणली, हे आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. पण त्या रात्रीचं वाचा ना! देव म्हणतो, भीती वाटत असेल तर आधी तुझा सेवक पुरा याला घेऊन मिद्यानी छावणीजवळ जा, ते काय बोलतात ते ऐक. आणि गिदोन गेला. म्हणजे भीती होतीच, लोकरीची खूण दोनदा मिळूनसुद्धा! देव रागावला नाही. शत्रूच्याच एका माणसाच्या स्वप्नातून त्याला धीर दिला. गिदोनाने तिथेच नमन केलं, लढाईच्या आधी.

ताई, उद्या कुणाला तरी सोबत न्या. गिदोनासोबतही पुरा होताच की.