शाळेतला श कुठे गेला?



मी मुद्रितं तपासते. लोकांनी लिहायचं, कुणी तरी टाइप करायचं आणि मी त्यातल्या चुका काढायच्या, हा माझा उद्योग. चुका काढणाऱ्याला स्वतःची चूक सांगायला फारसं आवडत नाही, पण आज तिथूनच सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाचं शेवटचं मुद्रित माझ्याकडे होतं. रात्री अकरापर्यंत बसून मी घरच्या संगणकावर दुरुस्त्या केल्या आणि फाइल पाठवून दिली. सकाळी छपाईवाल्यांचा फोन. "ताई, अंक ठीक आहे, पण तुम्ही शुद्ध केलेलेच शब्द बिघडलेत." फाइल उघडून पाहते तर 'शाळा'तला श नाही. त्या जागी एक अवतरणचिन्ह, मागे दोन काने आणि मग ळा. 'शेतकरी' शोधायला गेले, तर तिथे अवतरणचिन्ह, नुसता काना, त्यावर मात्रा, पुढे 'तकरी'. आणि हे फक्त मी हात लावलेल्या शब्दांत! बाकीचे सगळे श जिथल्या तिथे.

झालं होतं असं. माझा संगणक नुकताच दुरुस्त होऊन आला होता आणि त्यातली सगळी सेटिंगं पुन्हा कोरी झाली होती. ती तपासायचं मी विसरले. त्या सेटिंगांचा आणि शाळेतल्या श चा संबंध काय, हे कळायला मात्र थोडं मागं जावं लागेल.

आपल्या मोडी लिपीत विरामचिन्हं नव्हती. ओळ आखायची आणि अक्षरं तिला लटकवत जायचं. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्यानं ओळखायचं. मराठीत पूर्णविराम, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं रुजली ती एकोणिसाव्या शतकात, छापील पुस्तकांबरोबर. मेजर थॉमस कँडी यांचा त्यात मोठा वाटा. खिळ्यांच्या छपाईत उघडणाऱ्या अवतरणाचा खिळा वेगळा, मिटणाऱ्याचा वेगळा. जुळारी दोन्ही वेगवेगळ्या खणांतून उचलायचा. मग टाइपरायटर आला. त्यात कळा मोजक्या, म्हणून दोघांना मिळून एकच सरळ, उभं चिन्ह दिलं गेलं. संगणकानं टाइपरायटरचाच कळफलक उचलला. छपाई मात्र पूर्वीसारखी देखणी हवी होती. म्हणून वर्डसारखे प्रोग्राम अंदाज बांधू लागले. चिन्हाच्या आधी मोकळी जागा, कंस किंवा ओळीची सुरुवात असेल तर उघडणारं अवतरण. आधी अक्षर असेल तर मिटणारं. तुम्ही सरळ चिन्ह टाइप करता आणि पडद्यावर ते आपोआप वळतं.

इंग्रजीसाठी हे सोयीचं. आता मराठीकडे या. यूनिकोड रुळण्यापूर्वीचे आपले फाँट म्हणजे एक प्रकारची वेषांतरं. आत इंग्रजी अक्षरं, वर मराठीचा मुखवटा. कृतीदेव हा फाँट घ्या. टाइपरायटर शिकलेल्यांची बोटं त्यावर सहज बसतात. त्यात इंग्रजी 'डी'च्या कळेवर क आणि तीच कळ शिफ्टबरोबर दाबली की अर्धा क. एकेरी अवतरणाच्या कळेवर अर्धा श, त्याला काना जोडला की पूर्ण श. दुहेरी अवतरणाच्या कळेवर अर्धा ष. तुम्हाला पडद्यावर श दिसतो. प्रोग्रामला दिसतं अवतरणचिन्ह. तो आज्ञाधारकपणे ते वळवतो, आणि वळवलेल्या चिन्हावर या फाँटात श नसतो, खरंखुरं अवतरणचिन्ह असतं. शाळेतला श असा जातो.

याच कुळातली दुसरी गंमत. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करायचं, ही इंग्रजीची रीत प्रोग्राम पाळतो. अशा फाँटात मोठं अक्षर म्हणजे बहुतेकदा अर्धं अक्षर. तुम्ही परिच्छेदाच्या सुरुवातीला 'मराठी' लिहिता, कागदावर 'म्राठी' उमटतं. 'कमल'ची 'क्मल' होते. मी अशा लेखकांना पाहिलंय, जे प्रत्येक परिच्छेदाशी जाऊन पहिलं अक्षर पुसतात, पुन्हा टाइप करतात आणि संगणकाला शिव्या घालतात. शिव्या घालायला हरकत नाही, पण अक्षर-अक्षर पुसू नका. एका जागी जाऊन दोन खुणा काढल्या की काम भागतं.

ती जागा सांगते, हाताशी कागद असेल तर लिहून घ्या. वर्डमध्ये फाइल, मग ऑप्शन्स, मग प्रूफिंग, आणि तिथे ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. त्यात 'ऑटोफॉर्मॅट अ‍ॅज यू टाइप' या पानावर सरळ अवतरणं वळवण्याची खूण आहे. वाक्याच्या सुरुवातीचं अक्षर मोठं करण्याची खूण शेजारच्या ऑटोकरेक्टच्या पानावर. लिबर-ऑफिस वापरत असाल तर टूल्समध्ये ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. जुना फाँट वापरणाऱ्यांनी या दोन्ही खुणा काढूनच टाकाव्यात. आणि एखादाच बदल नको असेल, तर तो होताक्षणी कंट्रोल धरून झेड दाबा. तुम्ही टाइप केलेलं राहतं, प्रोग्रामनं केलेलं तेवढं मागे जातं. एवढी साधी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

यूनिकोडमध्ये लिहिणाऱ्यांना श ची काळजी नाही. तिथे श हा श च असतो. त्यांनी अवतरणं वळू द्यावीत. छापल्यावर ती चांगलीच दिसतात. फक्त एके ठिकाणी प्रोग्राम हमखास फसतो. सन १९७२ मधला '१९' गाळून आपण '७२चा दुष्काळ' लिहितो, तेव्हा आकड्याआधीचं चिन्ह अवतरण नसतं, लोपाची खूण असते. ती मिटणाऱ्या अवतरणासारखी हवी. आधी मोकळी जागा दिसल्यामुळे प्रोग्राम उघडणारं अवतरण देतो, आणि दुष्काळ उघडा पडतो तो कधी मिटतच नाही. उपाय असा की चिन्ह दोनदा टाइप करायचं आणि त्यातलं पहिलं पुसायचं.

आधीच लिहून झालेल्या मजकुरातली सरळ अवतरणं वळवायची असतील तर तेही एका दमात होतं. वळवण्याची खूण चालू ठेवायची आणि शोधा-बदला मध्ये दोन्ही खणांत तेच सरळ चिन्ह घालून सगळीकडे बदलायचं. मात्र कृतीदेवच्या मजकुरावर हा प्रयोग चुकूनही करू नका. सगळे श आणि ष एका फटक्यात जातील.

आता फाँटांकडे. "मी सगळं निवडून आकार चौदा केला, इंग्रजी शब्द मोठे झाले, मराठी आहे तेवढंच," ही तक्रार मी दर महिन्याला ऐकते. यात प्रोग्राम तुमचं ऐकत नाही असं नाही, अर्धंच ऐकतो. वर्ड एकाच मजकुरासाठी दोन फाँट आणि दोन आकार लक्षात ठेवतो. एक रोमन अक्षरांसाठी, दुसरा देवनागरी, अरबी यांसारख्या लिप्यांसाठी. या दुसऱ्याला तो 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' म्हणतो. कंट्रोल आणि डी दाबलंत की चौकट उघडते, तिच्यात हा वेगळा खण दिसेल. दिसला नाही, तर भाषांच्या यादीत मराठी जोडलेली नाही असं समजा. त्या खणात फाँट आणि आकार ठरवा, आणि जमलं तर स्टाइलमध्येच ठरवा, म्हणजे पानोपानी तेच करत बसावं लागणार नाही. लिबर-ऑफिसमध्येही असा दुसरा खण असतो.

दुसरीकडून मजकूर आणून डकवला की त्याच्याबरोबर तिथला फाँट, रंग, ओळींमधलं अंतर असं सगळं बिऱ्हाड येतं. डकवताना 'फक्त मजकूर' हा पर्याय निवडा. बिऱ्हाड येऊन बसलंच असेल, तर वर्डमध्ये तेवढा भाग निवडून कंट्रोलबरोबर मोकळ्या जागेची कळ दाबा, म्हणजे फाँट आणि रंग जातील; ओळींमधल्या अंतरासाठी कंट्रोल आणि क्यू दाबा. ओळी एकदम दूर गेल्या असतील तर बहुधा मध्ये कुठे तरी 'मंगल' शिरलेला असतो; त्याची ओळ उंच आहे. विंडोजबरोबर आलेला हा मंगल रचला तो आपल्याच र. कृ. जोशी यांनी, सुलेखनकार आणि कवी. त्याच्या उंचीबद्दल कुरकुरताना हे मी स्वतःला बजावते.

सगळ्यात फसवी चूक मात्र डोळ्यांना पटकन दिसत नाही. जुन्या फाँटातला मजकूर यूनिकोडमध्ये बदलताना आडवा र, म्हणजे 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' यांतला, कधी कधी रफार होऊन बसतो. 'सह्याद्रीच्या दऱ्या' लिहिलेलं असतं आणि छापून येतं 'सह्याद्रीच्या दर्या'. आचाऱ्यांचे आचार्य होतात, आणि शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम गप्प राहतो, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. इथे खूण काढून भागत नाही. बदललेला मजकूर माणसानंच वाचावा लागतो, आणि मूळ कागद शेजारी ठेवून वाचावा लागतो.

तसंच 'दुःख' मधला विसर्ग. अनेक जण तिथे अपूर्णविरामाची कळ दाबतात. दिसायला सारखंच, पण मग शोधताना दुःख सापडत नाही. विसर्गासाठी वेगळी कळ आहे, ती वापरावी.

दिवाळी अंकांसाठी लिहिणाऱ्यांना जाता जाता एक विनंती. लेखाच्या फाइलबरोबर त्याची पीडीएफही पाठवत जा, आणि फाँटचं नाव वर लिहा. तुमच्या पडद्यावर काय होतं ते मला त्यातूनच कळतं. त्या सकाळी माझ्याजवळ लेखकांच्या पीडीएफ होत्या. त्या समोर ठेवून दुपारी तीनपर्यंत सगळे श परत जागेवर बसवले, आणि अंक वेळेवर निघाला.