पोळ्याचे देणे आणि देवनारचा रस्ता



कृतज्ञता हा शब्द आपल्या तोंडी फारसा नसतो. आपण म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागावे. कसे जागावे, ते पोळ्याला दिसते. आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचे. दुसऱ्या दिवशी मानेवर जू ठेवायचे नाही. शिंगे रंगवायची, पुरणपोळी माणसाआधी बैलाला द्यायची, गड्याला बोजारा द्यायचा. हे सारे आपण पदरमोड करून करतो, प्रसंगी उसनवारी करून करतो. यातली खूणगाठ एकच : ज्याच्यावर ऋण, त्यानेच फेडायचे.

पण पोळा एका दिवसाचा. बाकीच्या दिवसांचा हिशेब मांडू. बैल वर्षानुवर्षे वखर, तिफण, डवरा ओढतो. मग एक दिवस थकतो, जू पेलत नाही. काही घरे त्याला मरेपर्यंत दावणीला सांभाळतात आणि आपल्याच वावरात पुरतात. त्यांना आमचा नमस्कार. सगळ्यांना ते झेपत नाही. ज्वारी बुडाली की कडबा नाही, सरकीची ढेप विकतच आणायची. अशी घरे जड मनाने बैल हेड्याला देत आणि त्या पैशांत भर घालून नवा गोऱ्हा आणत. तिथून पुढचा एक रस्ता मुंबईला देवनारला जाई. तिथे १९७१ पासून महापालिकेचा कत्तलखाना आहे. १९७६ च्या कायद्याने राज्यात गोहत्या बंद झाली होती; बैलासाठी तो कामाचा राहिला नाही असा दाखला लागे.

मार्च २०१५ मध्ये बैलांचा तो रस्ता बंद झाला. १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला वीस वर्षांनी राष्ट्रपतींची संमती मिळाली. बैल कापणे गुन्हा ठरले, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली.

बंदीच्या बाजूचे लोक म्हणतात, ज्याने जन्मभर राबून खाऊ घातले त्याची ही जाण आहे. ती भावना खोटी आहे, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच विचारतो, कडबा कोणाचा? २०२४ मध्ये राज्य शासनाने गोशाळेतल्या देशी गायीमागे दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवले. वर्षाचे १८,२५० रुपये झाले. म्हणजे जनावर पोसायला खर्च येतो, हे शासनालाही ठाऊक आहे. पण तो पैसा गोशाळांसाठी आहे. आमच्या दावणीच्या म्हाताऱ्या बैलासाठी नाही. ऋण मानायचे साऱ्या राज्याने आणि फेडायचे एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने, याला कृतज्ञता म्हणत नाहीत. ही वेठ झाली. शासनाने बैलाच्या म्हातारपणाचा खर्च उचलावा, नाहीतर निर्णय त्याच्या मालकावर सोडावा. भाषणात आम्हाला पोशिंदा म्हणायचे आणि भाव द्यायची वेळ आली की पाठ फिरवायची, तीही याच जातीची कृतज्ञता.

भावांनो, दुसऱ्याला लावलेले माप आपल्यालाही लावू. निंदण करणारी, कापूस वेचणारी, बैलापुढे चारा टाकणारी बाई आपल्याच घरात आहे. तिला लक्ष्मी म्हणून भागत नाही. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावे करून दिला. त्यांनी ऋण तोंडाने मानले नाही, सातबाऱ्यावर लिहून दिले.

ज्या घरात हे अजून झालेले नाही, त्या घरच्या कारभाऱ्याने येत्या पोळ्याच्या आत तलाठ्याकडे जाऊन यावे. मग शासनाकडे बैलाचा कडबा मागताना आपला आवाज खणखणीत निघेल.