नेमणुकीचे पत्र



बांद्याला मी चौतीस वर्षे शाळेत कारकुनी केली. निवृत्त होऊनही बरीच वर्षे झाली. तरी गावातल्या कुणाच्या घरी इंग्रजी टपाल आले, विम्याचा कागद आला, बँकेची नोटीस आली, की ती माझ्या पडवीत येते. आज मी तुमच्याशी जे बोलणार आहे ते अशाच एका कागदामुळे. त्यात माझीही चूक आहे, ती आधीच सांगून टाकतो.

दोन वर्षांमागची गोष्ट. पावसाळा नुकताच सरला होता. आमच्या वाडीतली एक बाई सकाळीच आली. पदराखालून मोबाइल काढला आणि म्हणाली, "काकानू, ह्या पत्र जरा वाचून बघशात? झिलाक विमानतळार नोकरी गावली." मुलगा आय.टी.आय. झालेला, सरळ स्वभावाचा. मी चष्मा लावून पत्र वाचले. वर एका विमान कंपनीचे चिन्ह, खाली गोल शिक्का, इंग्रजीत सही. 'सामान हाताळणी सहायक', पगार दरमहा २८,५०० रुपये, कामाचे ठिकाण मोपा. गणवेशासाठी २,३५० रुपये आगाऊ भरावेत, ते पहिल्या पगारात परत मिळतील. मी दोनदा वाचले आणि म्हणालो, "माका तर खरां दिसता."

हे माझे चार शब्द. त्या बाईने ते घरी नेले आणि त्यांच्या जोरावर पैसे भरले. पुढे वैद्यकीय तपासणीचे ८,५०० मागितले, तेही भरले. मग आले सुरक्षा ठेवीचे २१,०००. त्यासाठी पाटल्या सोनाराकडे गेल्या. एकूण ३१,८५० रुपये. त्यानंतर फोन लागेना.

आता गंमत पाहा. गंमत तरी कशी म्हणावी? मोपाचा विमानतळ आमच्यापासून दुचाकीवर अर्ध्या तासाच्या आत आहे. जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडतात, ती आमच्या अंगणातून दिसतात. पण त्या पंधरवड्यात ना त्या मुलाला, ना त्याच्या आईला, ना माझ्यासारख्या शहाण्याला सुचले, की जाऊन दारावरच्या माणसाला विचारावे, बाबा रे, अशी भरती चालू आहे का? कागद इंग्रजीत होता, एवढ्यानेच आम्ही गार झालो.

पुढे मी ते पत्र पुन्हा शांतपणे वाचले, तेव्हा ते बोलू लागले. कंपनीच्या पत्राला कंपनीचा स्वतःचा टपालपत्ता असतो. येथे कुणालाही फुकट मिळणारा साधा ई-मेलचा पत्ता होता. मुलाची मुलाखत झालीच नव्हती, फोनवर नाव, वय आणि शिक्षण विचारले होते, एवढेच. पैसे भरायचे खाते कंपनीच्या नावाचे नव्हते, कुणा एका व्यक्तीच्या नावाचे होते. आणि विमान कंपन्या आपल्या संकेतस्थळांवर उघड लिहून ठेवतात, की नोकरी देण्यासाठी आम्ही कुणाकडून पैसे घेत नाही. हे सगळे माझ्या डोळ्यांसमोर होते. पण मी शिक्का पाहत होतो.

कोकणातल्या माणसाला ही फसवणूक नवी नाही. आपला जिल्हा मुंबईच्या मनिऑर्डरवर जगला. आमच्या आज्या-पणज्यांच्या काळी गिरणीत चिकटायचे तर जॉबरला गाठावे लागे. पहाटे गिरणीच्या दारावर बदली कामगारांचा घोळका उभा राही, आणि आज कुणाला आत घ्यायचे ते जॉबर ठरवी. त्याला द्यायची ती दस्तुरी. कधी रोख, कधी महिन्याच्या पगारातला हिस्सा, कधी गावाहून येताना आणलेली काजूची पिशवी. बायकांच्या खात्यात हेच काम नाईकीण करी. १९३१ साली व्हिटले कमिशनचा अहवाल आला. त्यात या लाचखोरीबद्दल स्पष्ट लिहिले गेले आणि नेमणुकीचा अधिकार जॉबरच्या हातून काढून मजूर अधिकाऱ्याकडे द्यावा अशी शिफारस झाली. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांची नोंद ठेवायची पद्धत सुरू झाली, तीही याच रोगावरचा उपाय म्हणून.

बोटीवर जाणाऱ्यांचे तेच. रत्नागिरीकडचे किती खलाशी मुंबई बंदरातून जगभर फिरले! त्यांनाही जहाज मिळण्यासाठी सारंगाचा आणि दलालाचा हात ओला करावा लागे. हा प्रकार फक्त आपल्याकडे होता असेही नाही. जिनोव्हाला १९२० साली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली, तिने खलाशाला काम मिळवून देण्यासाठी पैसे घेण्याच्या धंद्यावर बंदी घालणारा करार केला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच जगाला कळले होते, की नोकरी विकत मिळते तेथे काहीतरी कुजलेले असते.

तरीही जॉबरबद्दल एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तो पैसे खाई, पण काम देई. त्याचे खाते ठाऊक, चाळ ठाऊक, गावही ठाऊक. त्याने फारच पिळले तर चार गाववाले त्याच्या खोलीवर जाऊन जाब विचारू शकत. आजच्या भामट्याला चेहरा नाही. तो कोठे बसला आहे, कोणत्या राज्यात, की देशाबाहेर, हे फोनवरून कळत नाही.

आणि त्याच्या कल्पकतेला तोड नाही. २०२२ सालचा एक मासला ऐका. तामिळनाडूतले अठ्ठावीस उमेदवार. रेल्वेत तिकीट तपासनीस, कारकून अशा जागा देतो म्हणून त्यांच्याकडून लाखांनी पैसे घेतले गेले, सगळे मिळून अडीच कोटींहून अधिक. मग त्यांना 'प्रशिक्षणा'साठी नवी दिल्ली स्थानकावर नेले. तेथे महिनाभर, रोज आठ तास, फलाटावर उभे राहून त्यांनी काय केले? येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजल्या आणि गाड्यांचे डबे मोजले. आपण रेल्वेची सेवा करीत आहोत असे त्यांना वाटत होते. ही बातमी वाचून आमच्या कट्ट्यावर एकजण हसला. मला हसू आले नाही. पोरे बिचारी मन लावून मोजत असतील.

घराजवळची गोष्ट घ्या. २०२४ च्या अखेरीस गोव्यात सरकारी नोकऱ्या देतो म्हणून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे एकामागून एक उजेडात आली, ठिकठिकाणी अटका झाल्या. येथे मात्र मला थोडे कडू बोलावे लागेल. माझ्या वाडीतल्या मुलाने गणवेशाचे पैसे भरले ते भाबडेपणाने. पण सरकारी जागेसाठी जो दहा-दहा लाख मोजतो, त्याला ती रीतसर मिळणार नाही हे माहीत असते. तो दुसऱ्या कुणाची तरी जागा विकत घेऊ पाहत असतो. म्हणून फसल्यावर त्याला तक्रार करायलाही जीभ उचलत नाही, आणि भामट्याचे सारे गणित त्याच्या या गप्प बसण्यावरच चालते.

आता तुम्ही म्हणाल, सरकार नाही का शुल्क घेत? घेते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले, आणि खुल्या गटातल्या उमेदवाराला हजार रुपये शुल्क होते. इतके जास्त शुल्क असावे का, हा वेगळा प्रश्न आहे; मला स्वतःला ते पटत नाही. पण ते शुल्क परीक्षेचे असते, सर्वांना ठरलेल्या दराने असते, आणि त्याच्या बदल्यात परीक्षेला बसण्याचे प्रवेशपत्र मिळते. नोकरीचे वचन मिळत नाही. जेथे आधी निवड आणि मग पैसे, तेथे पाय मागे घ्यावा.

दुसरा एक प्रकार आमच्या एस.टी. स्टँडच्या भिंतीवर नेहमी चिकटवलेला दिसतो. 'ऑफिस स्टाफ पाहिजे. वय १८ ते २८. अनुभवाची गरज नाही. राहणे-जेवण मोफत.' खाली फक्त मोबाइल नंबर, कंपनीचे नाव नाही. मुले-मुली बॅग भरून परजिल्ह्यात जातात. तेथे एका खोलीत दहा-बाराजण, सकाळ-संध्याकाळ भाषणे, मग कळते की आधी काही हजारांचा माल आपणच घ्यायचा आणि आपल्यासारखे आणखी दोघे आणायचे. म्हणजे नोकरी ती हीच, मित्रांना फसवण्याची. अशा साखळी योजनांना १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे सभासद होण्यासाठी प्रवेश फी घेता येत नाही. पण मुले परत येतात ती मान खाली घालून, आणि घरी सांगतात, "हवा मानवली नाय."

परदेशाचे थोडक्यात सांगतो. आखातात पाठवणाऱ्या दलालाची १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदलेल्या दलालांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते, आणि त्याने घ्यायच्या मोबदल्याला तीस हजार रुपये व त्यावरील कर अशी मर्यादा आहे. बोटीवर पाठवणाऱ्याला नौवहन महासंचालनालयाचा परवाना हवा, आणि खलाशाकडून भरतीचे पैसे घेण्याची त्याला मुभा नाही. 'पर्यटक व्हिसावर चल, तिकडे गेल्यावर बदलून देतो' असे कुणी म्हटले, तर समजा की तो तुम्हाला खड्ड्याकडे नेतो आहे. संगणकावरच्या कामाच्या आमिषाने थायलंडला गेलेली आपली मुले म्यानमारच्या सीमेवरच्या म्यावाडी भागात कोंडली गेली. त्यांच्याकडून फोनवरून लोकांना लुबाडण्याचे काम जबरदस्तीने करून घेतले जाई. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना सरकारने विमानाने परत आणले. नोकरीच्या खोट्या जाहिरातीने फसलेली मुले तेथे बसून दुसऱ्यांना फसवत होती, आणि नाही म्हटले तर मार खात होती. हे डोळ्यांसमोर आणून पाहा.

आणि खऱ्या कारखान्यांतही सगळे धुतल्या तांदळासारखे नसते. आमच्याकडची शेकडो मुले पहाटे पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यातल्या वसाहतींत कामाला जातात. जाहिरातीत वीस हजार. हातात पडतात बारा-तेरा. विचारले तर सांगतात, वीस हजारांत तुझा फंड धरला आहे, आमचा वाटाही धरला आहे, ओव्हरटाइम आणि हजेरीचा बोनसही धरला आहे. कोठे पहिला आठवडा 'ट्रेनिंग' म्हणून बिनपगारी, आणि आठव्या दिवशी "उद्यापासून येऊ नको." कोठे दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतात, म्हणजे मुलगा सोडून जाऊ नये. मूळ कागद कुणाच्याही ताब्यात देऊ नका; दाखवा, छायाप्रत द्या, उचलून घरी आणा. आणि नेमणूकपत्र मागा. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेप्रमाणे ते प्रत्येक कामगाराला द्यावे लागते. हातात नक्की किती पडणार, हा प्रश्न विचारायला आपल्या मुलांना लाज वाटते. मुलाचे लग्न ठरवताना आपण वधूपक्षाला दहा प्रश्न विचारतो. येथे एक विचारवत नाही!

त्या मुलाचे सांगायचे राहिले. पैसे गेल्यावर तो अठरा दिवस कुणाशी बोलला नाही. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडे आणि तेरेखोलच्या काठी बसून संध्याकाळी घरी येई. आईला सांगे, ट्रेनिंग चालू आहे. हे कळले तेव्हा मला रात्री झोप आली नाही. ते अठरा दिवसच महाग पडले. पैसे गेल्याबरोबर १९३० या क्रमांकावर फोन केला असता, तर पुढच्या खात्यात ते गोठवता येण्याची शक्यता होती. तासाभरात कळवले तर हाती लागतात, आठवड्याने बहुधा नाही. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, तक्रार लिहून दिली. तेथल्या हवालदाराने समजूतदारपणे सगळे उतरवून घेतले. पैसे आजतागायत आलेले नाहीत.

मी त्या बाईला म्हणालो, "माझ्या सांगण्याने तू पैसे भरलेस." ती म्हणाली, "तुमी काय वायट म्हणून सांगलास काय?" ती तसे म्हणाली म्हणून माझे ओझे कमी झाले नाही. मुलगा आता पेडण्याकडे एका कारखान्यात जातो, पगार थोडा आहे, पण दर महिन्याच्या सात तारखेला होतो. पाटल्या अजून सोनाराकडेच आहेत.

गेल्या महिन्यात दुसरा एक मुलगा असेच पत्र घेऊन आला. मी ते वाचलेच नाही. म्हटले, गाडी काढ. त्याच्या मागे बसून मी, या वयात, मोपाला गेलो. दारावरच्या शिपायाने कागद पाहिला, मान हलवली आणि टेबलाच्या खणातून तसल्याच कागदांची एक चळत काढून आमच्यापुढे ठेवली. वरचे पत्र कणकवलीच्या मुलाचे होते.