सूत्रांत दडलेले आंकडे

दापोलीजवळच्या मुरूड गांवीं, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यांत, १८५३ सालीं जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशानें शिक्षक होते. त्यांनीं जुन्या ज्योतिषग्रंथांवर जें काम केलें, त्याच जातीचें काम आज संगणकाच्या आज्ञावलींतून आंकडे हुडकणारांस करावें लागतें, असें म्हटल्यास श्रोत्यांस नवल वाटेल. पण मूळ अडचण एकच आहे.

हिशेबाच्या आज्ञावलींत कोणी एकानें रकमेस २८ नें गुणून १०० नें भागलें, असें समजावें. तो २८ म्हणजे सिमेंटवरचा कर, हें लिहिणारास ठाऊक होतें. आंकड्यास नांव मात्र त्यानें दिलें नाहीं. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो कर १८ टक्के झाला. आतां जेथें जेथें २८ दिसेल तेथें तेथें १८ घातले, तर फेब्रुवारी महिना अठरा दिवसांचा होऊन बसतो! म्हणून नुसती अक्षरांची शोधाशोध न करितां अन्वय लावणारें साधन वापरितात. पायथॉन भाषेबरोबर असें एक साधन मिळतें. तें आज्ञावलीचीं पदें सुटीं करून त्यांचा वृक्ष मांडतें. टीपेंतला २८ गाळतें, अवतरणांतला मजकुरांत जमा धरितें, आणि गुणाकाराचा कोणता व तुलनेचा कोणता, हें दाखवितें.

अन्वय हा शब्द येथें अलंकार म्हणून आलेला नाहीं. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला. त्यांतल्याही आज्ञाच, पण श्लोकबद्ध. आणि आंकडे शब्दांत लपलेले. रस म्हणजे ६, ख म्हणजे शून्य, आणि पहिला शब्द एकं स्थानचा. तेव्हां ‘खरस’ म्हणजे ६०. पदच्छेद केल्यावांचून तो हातीं लागत नाहीं. अयनांशांचा नियम असा : शकांतून ४४४ वजा करून ६० नें भागावें. म्हणजे वर्षाची गति ६० विकला झाली. आधुनिक वेधांवरून ती सुमारें ५०.३ विकला येते. तर मग ६० चूक म्हणून खोडावे काय?

येथें घाई नडते. ग्रहलाघवांतलें वर्ष सूर्यसिद्धान्ताचें, म्हणजे खऱ्या नाक्षत्र वर्षाहून सुमारें साडेतीन मिनिटांनीं मोठें आहे. तेवढ्या वेळांत सूर्य सुमारें साडेआठ विकला चालतो. त्या ५०.३ मध्यें मिळवितांच ५८.८ होतात, ६० पासून फारसें अंतर उरत नाहीं. एक आंकडा दुसऱ्याच्या आधारावर उभा आहे, आणि तो दुसरा त्या नियमांत कोठेंच दिसत नाहीं.

१८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथांत दीक्षितांनीं निरनिराळ्या सिद्धान्तांचीं वर्षमानें व ग्रहांचे भगण शेजारीं शेजारीं मांडले, म्हणून असे संबंध डोळ्यांस दिसूं लागले. वृक्षांतून काढलेल्या आंकड्यांचीही तशीच यादी करितात : ओळ कोणती, क्रिया कोणती, शेजारीं कोण. मग कराचा दर एकाच ठिकाणीं नांवानिशीं व तारखेसह लिहितात, कारण जुन्या पावत्यांस २८ च लागतो. आणि फेब्रुवारीचे २८ जेथल्या तेथें राहूं देतात.