स्वभावाला औषध नाही?

'स्वभावाला औषध नाही' असे आपण सहज म्हणून जातो. शिक्रापूरच्या आमच्या घरात हे वाक्य धाकट्या भावाविषयी मी अनेक वर्षे ऐकले. रांजणगावच्या एमआयडीसीत त्याने चार नोकऱ्या धरल्या आणि भांडून सोडल्या. आजचा जिवलग मित्र उद्याचा वैरी. बायको दोन दिवस माहेरी गेली, तरी 'मला टाकून गेली' म्हणून आकांत. आई म्हणे, "वडिलांवर गेलाय." शेजारी म्हणत, "लाडावलाय." एका रात्री त्याने स्वतःला इजा करून घेतली आणि सकाळी मी त्याला घेऊन पुण्याची एसटी पकडली.

मानसोपचारतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत निदान केले नाही. घरच्यांशीही बोलून मग 'व्यक्तिमत्त्व विकार' हा शब्द उच्चारला. हट्ट, संशय, तापटपणा थोडाफार सगळ्यांतच असतो. पण वागण्याची तीच तऱ्हा तारुण्यापासून वर्षानुवर्षे टिकते, घरात, कामावर, मैत्रीत सगळीकडे आड येते, तेव्हा तो विकार ठरतो.

मी विचारले, "वडिलांचा मार आम्ही दोघांनीही खाल्ला. मग यालाच का?" डॉक्टर म्हणाले, कारण एकच नसते. काही मुले जन्मतःच अधिक हळवी असतात. त्यात अनुवंशिकतेचाही वाटा असतो. त्यावर मारहाण, हेळसांड, रडले की हिणवणे यांची भर पडते. मात्र असे बालपण गेलेल्या प्रत्येकाला विकार होत नाही आणि प्रेमळ घरातल्या मुलालाही तो होऊ शकतो. म्हणून कोणा एकाला दोषी धरू नये. हे ऐकून आई कितीतरी वेळ रडली.

हा विकार घालवणारी गोळी नाही; औषधे सोबतच्या नैराश्यासारख्या तक्रारींसाठी देतात. मुख्य उपचार बोलण्याचा, शिकण्याचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी आत्मघाताच्या विचारांनी ग्रासलेल्यांसाठी 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी' ही पद्धत विकसित केली. आपणही तरुणपणी अशाच यातनांमुळे रुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले.

भाऊ आजही चिडतो. पण हल्ली "मी जरा चाकण रस्त्याला फिरून येतो," असे सांगून बाहेर पडतो आणि शांत होऊन परततो. हे जमायला दोन वर्षे लागली.

मंडळी, आपल्या घरी असे कोणी असेल तर थांबू नका. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. आम्ही मात्र 'स्वभावच तसा' म्हणत फार वर्षे घालवली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)