वाकळ संगणकावर काढताना
(रौप्यमहोत्सवी वर्षातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"या वयात नवीन काय शिकलात, त्यावर बोला," असं मला सांगण्यात आलं. गेलं वर्षभर मी संगणकावर गोधडीचा नकाशा काढायला शिकते आहे, तर त्यावरच बोलते. काहीजणी आत्ताच हसताहेत. बरोबर आहे. आपल्याकडे जुनी लुगडी बोहारणीकडे गेली नाहीत की वाकळेत जातात. त्यासाठी नकाशा कुणी काढलाय कधी?

माझं कारण एकच, सासूबाईंची वाकळ. माझं सासर लोहारा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात घर पडलं, पुढचे कितीतरी दिवस पत्र्याच्या शेडमध्ये गेले. बाहेरगावाहून मदतीचे जुने कपडे येत. त्यातल्या फाटक्या, नेसता न येणाऱ्या साड्यांची सासूबाईंनी ही वाकळ शिवली. कुठल्या कुठल्या बायकांच्या साड्या त्या, आम्हाला कधी कळलं नाही. आता ती इतकी विरलीय की धुवायची सोय नाही, उचलली तरी धागा सुटतो. सासूबाईंना सुईत दोरा ओवणं होत नाही. माझ्या मुलीला तशीच दुसरी करायची आहे. म्हणजे आधी ही उतरवून घ्यायला हवी, आणि तेही सासूबाई सांगू शकतात तोवर.

मुलीने आधी 'इलेक्ट्रिक क्विल्ट' नावाचं अमेरिकन सॉफ्टवेअर दाखवलं. ते खास रजयांसाठीच केलेलं आहे. त्यात हजारो तयार नमुने आहेत. चौकोनात रंग भरा, आकडा टाका, कापड किती लागेल ते ते सांगतं. पण ते विकत घ्यावं लागतं. शिवाय तयार नमुने घेऊन मी काय करू? मला एकच नमुना हवा होता, तो पलंगावर पसरलेला होता. म्हणून 'इंकस्केप' घेतलं. हे २००३पासून चालत आलेलं चित्र काढायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. रजईसाठी बनवलेलं नाही, पण चालतं.

त्यात 'लेअर' म्हणजे थर असतात. हे मला लगेच समजलं, कारण वाकळही थरांचीच. खालच्या थरात वाकळेचा फोटो ठेवायचा आणि त्याला कुलूप लावायचं, म्हणजे तो हलत नाही. फोटो मात्र स्टुलावर उभं राहून बरोब्बर वरून काढायला हवा, तिरका आला की सगळी मापं तिरकी. वरच्या थरात एकेका तुकड्याची कड पेनच्या साधनाने गिरवायची. तिसऱ्या थरात टाके. तुटक रेघ निवडली की धावदोरा तयार. माप इंचात ठेवता येतं. आमची वाकळ ६० इंच रुंद, ७८ इंच लांब. तुकडे भरले ८३.

आता खरी गंमत. या सॉफ्टवेअरमध्ये 'स्नॅप' नावाची सोय असते. पडद्यावर चौकटींची जाळी असते, रेघ जवळ गेली की जाळीला चिकटते, आपोआप सरळ होते. नव्या कापडाची रजई करणाऱ्याला ती फार उपयोगी. पण आमच्या वाकळेतला एकही तुकडा काटकोनात नाही. निळ्या रांगेच्या मधेच एक हिरवी पट्टी घुसलेली. मी सासूबाईंना विचारलं, ही मुद्दाम घातली का? म्हणाल्या, "आगं, हितं निळं संपलं, मग हिरवं लावलं. संपल्यावर काय करतीस?" मी स्नॅप बंद केलं. ८३ तुकडे हाताने गिरवायला अडीच महिने लागले, रोज दुपारी तासभर. त्या शेजारी बसून सांगायच्या, इथं दंड घातलाय, हा पदर आहे, इथं दोन थर जास्त आहेत कारण इथं पाठ येते. ते सगळं मी तुकड्यांवर लिहून ठेवलंय. फोटोत ते दिसलं नसतं.

हिशोबाला मात्र संगणक सरस. मुलीची वाकळ नव्या मापाने करायची तर ६ इंचांच्या चौकोनाला चारी बाजूंनी पाव इंच शिलाई धरून साडेसहा इंच कापावं लागतं. ४५ इंच पन्ह्याच्या एका वारात ६ इंचांचे ४२ तुकडे बसतात, साडेसहाचे ३०च. अर्ध्या इंचाने १२ तुकडे गेले! त्या अमेरिकन सॉफ्टवेअरमध्येही कापड 'यार्ड'मध्ये सांगतात. मुलगी सेंटीमीटर करत बसली होती. सासूबाई म्हणाल्या, "यार्ड म्हंजे वारच की. नऊवारीचं नऊ." तिघींपैकी त्यांनाच ते सरळ कळलं.

एक गोष्ट संगणकावर जमली नाही. सासूबाई काठापासून टाका घालत आत आत जायच्या. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायका 'कवंदी' करतात तीही अशीच काठाकडून मध्याकडे जाते, आणि चार कोपऱ्यांवर घड्यांची फुलं लावल्याशिवाय ती पुरी होत नाही. त्यात टाका आणि तुकडा बरोबरच पुढे सरकतात, पुढचा तुकडा कुठला हे तिथे पोचल्यावर ठरतं. सॉफ्टवेअरला आधी सगळं चित्र लागतं. म्हणून मी रेघांवर १, २, ३ असे आकडे टाकलेत, सासूबाईंच्या बोटाच्या वाटेने. बोट मधेच थांबलं तिथे मीही थांबले. ३१ आणि ३२च्या मधली वाट त्यांनाही आठवत नाही.

येत्या शनिवारी दुपारी चार वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसणार आहे. ज्यांच्या घरी जुनी वाकळ आहे त्यांनी घेऊन या, आणि जिने ती शिवली ती बाई असेल तर तिलाही घेऊन या. धुऊन आणू नका. मोजपट्टी माझ्याकडे आहे.